८९० म्हणजे भारतीय माल? नाही हो!

दिवाळी जवळ आली की तो मेसेज फिरून येतोच: बारकोडचे पहिले तीन आकडे ६९० ते ६९९ असतील तर माल चिनी, ८९० असतील तर आपला. काकांनी पाठवला, मामींनी पुढे ढकलला. पण तो चुकीचा आहे.

ते आकडे एवढंच सांगतात की कंपनीने आपला नंबर जीएस-वन या संस्थेच्या कुठल्या देशातल्या शाखेकडून घेतला. भारतीय कंपनीने चीनमधून खेळणी बनवून आणली, तरी खोक्यावर ८९० छापता येतो. घरातलं एखादं अलीकडचं मराठी पुस्तक पालथं करून बघा. बारकोड बहुधा ९७८ने सुरू होईल. आता हा ९७८ नावाचा देश शोधा नकाशात!

हल्ली पाकिटांवर क्यूआर दिसायला लागले, तर ‘यात तरी खरा देश कळेल’ अशी नवी आशा. बिलिंगला चालणाऱ्या क्यूआरमध्ये वेबपत्ता असतो आणि त्यात /०१/ च्या पुढे १४ आकडी नंबर. म्हणजे तोच जुना १३ आकडी, आधी एक शून्य लावलेला. काउंटरवरचा स्कॅनर बिलासाठी तो नंबर उचलतो, तुमचा मोबाइल त्याच पत्त्यावरून पान उघडतो. नुसत्या जाहिरातीच्या लिंकचा क्यूआर मात्र बिलाला बिनकामाचा, त्यात नंबरच नसतो.

देश बघायचाय? पाकिटावरचा मजकूर वाचा. आयात मालावर मूळ देशाचं नाव छापणं कायद्याने बंधनकारक आहे. अक्षरं बारीक असतात, चष्मा लागेल.