फिओक्रोमोसायटोमा आणि बाळंतपण : सिझरचा आग्रह आला कुठून?

शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीकडून बीपी वाढलेली गरोदर बाई कोल्हापुरात आणली की पहिला संशय प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणामुळेच बीपी चढण्याच्या आजाराचा येतो. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो, आणि फिओक्रोमोसायटोमा ही किडनीच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीतली गाठ नेमकी त्याच्याआड लपते. साधारण १५,००० ते ५४,००० गरोदरपणांत एखादी, असा तिचा अंदाज सांगितला जातो. घरच्यांना ‘किडनीवर गाठ आहे’ एवढेच कळते आणि ते मुतखड्यासारखे काहीतरी समजून चालतात.

गाठीचे पहिले वर्णन १८८६ मधले, नाव १९१२ मधले. ती काढून रुग्ण वाचल्याच्या पहिल्या नोंदी १९२६-२७ च्या. गरोदर स्त्रीच्या दृष्टीने खरा बदल मात्र रक्तवाहिन्यांचे आकुंचन रोखणारी अल्फा ब्लॉकर औषधे हाती आल्यावर झाला. क्रमाचा नियमही तेव्हाच पक्का झाला: आधी अल्फा, मगच गरज पडली तर हृदयाची धडधड कमी करणारे बीटा ब्लॉकर. उलटे केले तर रक्तवाहिन्या सैल करणारी वाट बंद होते, आकुंचन तसेच चालू राहते आणि बीपी आणखी भडकते. प्रसूतिगृहात सहज हाताशी असलेल्या लॅबेटॅलॉल या बीपीच्या औषधाची इथे भीती वाटते ती यामुळेच. त्यात अल्फाचा गुण आहे, पण बीटाचा त्याहून कितीतरी जास्त.

आता सिझरचा प्रश्न. कळांच्या जोराने आणि पोटावरच्या दाबाने गाठीतून कॅटेकोलामाइन्स (अॅड्रिनलिनसारखी बीपी चढवणारी द्रव्ये) एकदम रक्तात उतरतील, म्हणून नॉर्मल बाळंतपण नकोच, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. त्याला आधार होता जुन्या संकलनांचा. त्यांत नॉर्मल प्रसूतीत ३१ टक्के माता दगावल्या आणि सिझरमध्ये १९ टक्के, हे आकडे पुन्हा पुन्हा उद्धृत झाले. पण त्या बायकांपैकी अनेकींना गाठ आहे हे प्रसूतीआधी कुणाला ठाऊकच नव्हते. औषध न मिळता कळा सोसलेली बाई आणि निदान होऊन तयारी झालेली बाई यांची एका रकान्यात तुलना करून निघालेला निष्कर्ष नियम म्हणून किती काळ चालवायचा? मला तो नेहमीच कच्चा वाटत आला आहे. २०२१ मध्ये २४९ गरोदरपणांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला. त्यात प्रसूतीच्या मार्गाने फरक पडल्याचे दिसले नाही. फरक पडला तो निदानाने आणि अल्फा ब्लॉकरने. पूर्ण तयारी असेल, वेदना दाबायला एपिड्युरल असेल आणि भूलतज्ज्ञ शेजारी उभा असेल, तर नॉर्मल प्रसूतीचा विचार करता येतो. तरी सिझर चुकीचे ठरत नाही. रात्री दोनला कळा सुरू होतील आणि भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावी असेल अशी शक्यता असली, तर आधी ठरवलेल्या वेळेचे सिझरच सुरक्षित. आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा हलका नाही.

गाठ केव्हा काढायची यावर एवढा वाद नाही. २४ आठवड्यांच्या आत कळले तर दुसऱ्या तिमाहीत दुर्बिणीने काढण्याचा विचार होतो, त्यानंतर कळले तर औषधांवर बाळंतपण पार पाडून मग. अर्थात याच २०२१ च्या अभ्यासात गरोदरपणातल्या शस्त्रक्रियेने निकाल सुधारल्याचे दिसले नाही, त्यामुळे घाईचे कारण कमी झाले आहे.

२०१६ पासून सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची विशेष तपासणी होते. २० आठवड्यांच्या आधीच चढलेले बीपी, लघवीत प्रोटीन नाही, मध्येच दरदरून घाम, छातीत धडधड, डोके फुटेल असे दुखणे. ही जुळणी त्या तपासणीत दिसली तर २४ तासांच्या लघवीतले किंवा रक्तातले मेटानेफ्रिन (कॅटेकोलामाइन्सपासून शरीरात बनणारे द्रव्य) तपासायला हवे. गरोदरपणाने ते फारसे वाढत नाही, म्हणून आकडा खूप चढलेला आला तर तो गंभीरपणे घ्यावा लागतो. पुढे गाठ शोधायला गॅडोलिनियमशिवाय (शिरेतून देतात त्या रंगद्रव्याशिवाय) एमआरआय. बाळाच्या फुप्फुसांसाठी दिली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने आणि उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड यांनीही गाठ खवळू शकते, हे केसपेपरवर ठळक लिहिलेले असावे.