कार्ले-भाजे एक दिवसाची सहल : निघण्याआधी एवढं वाचा

सहलीत नाव नोंदवल्याबद्दल आभार. हे पत्रक गाडीत बसल्यावर वाचू नका, आदल्या रात्री वाचा. चपला-बूट, पाणी आणि वेळ यांची ठरवाठरव घरीच झालेली बरी.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात : आधी भाजे का, कार्ले का नाही? कारण ऊन. कार्ल्याची लेणी डोंगराच्या पश्चिम अंगावर आहेत. सकाळी गेलात तर मोठ्या चैत्यगृहात (बौद्धांचं स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन) अंधारच जास्त दिसतो. तीननंतर ऊन दर्शनी भागावर येतं आणि वरच्या पिंपळपानी गवाक्षातून आत उतरतं. म्हणून सकाळी आठला पुण्याहून निघायचं, भाजे करायचं, कार्ला फाट्याजवळ जेवायचं आणि मग वर चढायचं. उलट क्रमाचा आग्रह धरू नका. आम्ही तो करून पाहिलाय.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापर्यंत मागे जातात. चैत्यगृहाला आज दर्शनी भिंतच नाही. ती लाकडाची होती, गेली. ती अडकवायच्या खाचा तेवढ्या दगडात उरल्यात. आतले २७ अष्टकोनी खांब पाहा, सरळ उभे नाहीत, आत कललेले आहेत. लाकडी मांडवाचे खांब छताचा भार पेलायला कलते ठेवतात, तेवढंच दगडातही केलंय. दगडाला त्याची काहीएक गरज नव्हती. जवळच १४ स्तूपांचा समूह आहे, तो चुकवू नका.

आता कार्ले. पायथ्याचं गाव वेहेरगाव. हे नाव ‘विहारा’वरूनच, म्हणजे भिक्षूंच्या निवासावरून, आलं असं मानतात. पायथ्यापासून साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आपली गाडी वरच्या वाहनतळापर्यंत जाते, त्यामुळे बरीच चढण वाचते, पण उरलेली पायीच. दोन्ही बाजूंना ओटीची, हारांची, ताक-सरबताची दुकानं आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये. आमचा एक माणूस शेवटच्या प्रवाशासोबतच चालतो.

वर पोहोचलात की आधी आई एकवीरेचं देऊळ लागतं, अगदी चैत्यगृहाच्या तोंडाशी. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा कित्येक घरांची ही कुलदेवता. दर्शन घ्यायचं असेल तर अर्धा तास वेगळा ठेवलाय. चैत्री यात्रा आणि नवरात्रात आम्ही ही सहल ठेवत नाही. एकदा ठेवली होती, पायऱ्यांवरच दोन तास गेले आणि लेणं पाहायला वीस मिनिटं उरली. देवीला येणाऱ्यांची गर्दी ही काही आपली अडचण नव्हे. चुकीचा दिवस आम्ही निवडला होता.

देवळाच्या समोरच्या बाजूला सोळा पैलूंचा सिंहस्तंभ आहे, माथ्यावर चार सिंह. आत शिरण्याआधी ओवरीत थांबा. डाव्या-उजव्या भिंतींत हत्ती जणू अंगावर भार घेऊन उभे आहेत. दाराशेजारी स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत, आणि त्यांच्यामध्ये नंतरच्या काळात जागा करून कोरलेल्या बुद्धमूर्ती. दोन काळांची छिन्नी एकाच भिंतीवर दिसते.

आत गेल्यावर लगेच मोबाईल काढू नका. दोन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावू द्या. चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर उंच; भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सगळ्यात मोठं. छताला कमानदार लाकडी फासळ्या दिसतील. त्या नंतर लावलेल्या नाहीत, मूळच्या आहेत, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांच्या. स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच. भाज्याच्या रिकाम्या खाचा सकाळी पाहिल्यात ना, इथे लाकूड अजून जागेवर दिसतं. एका दिवसात दोन्ही लेणी दाखवण्याचं खरं कारण हेच.

खांबांचे पाय घटात रोवलेले आहेत. माथ्यावर, मधल्या दालनाच्या बाजूला, हत्तींवर बसलेले स्वार आहेत. खांबांवरची ब्राह्मी अक्षरं आमचा मार्गदर्शक वाचून दाखवेल. ‘थंभो दानं’ हे शब्द कानावर आले की अर्थ सांगावा लागत नाही : खांबाचं दान. देणारे बरेचसे धेनुकाकट गावचे, त्यांत काही यवन, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीकही. तिथल्याच सामी नावाच्या सुताराने दाराचं काम केल्याचा लेख आहे. ओवरीतल्या डावीकडच्या लेखात वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल शेठ म्हणतो की हे सेलघर, म्हणजे दगडातलं घर, जंबुद्वीपात (भारतवर्षात) उत्तम आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची जाहिरात म्हणा हवं तर, पण खोटी नाही.

काही रोकड्या सूचना. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आमच्या पैशांत धरलेलं आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात, गुळगुळीत तळाच्या चपला घालून आलात तर आम्ही वर नेणार नाही. राग येईल, पण नाही. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं आहेत. घुमतं म्हणून आत आरोळ्या ठोकू नका : बौद्ध उपासक वंदनेला येतात, स्तूपासमोर कुणी बसलेलं असेल तर बाजूने जा. भिंतीवर हात फिरवून पाहण्याचा मोह सगळ्यांना होतो. आवरा.

शेजारचे विहारही पाहून घ्या, भिक्षूंच्या कोठड्यांतले दगडी ओटे आणि पाण्याच्या पोढ्या, म्हणजे दगडात कोरलेली टाकी, वेळ उरला तर. साडेपाचला सगळ्यांनी गाडीत.

आणि चिक्कीसाठी लोणावळ्याला गाडी नेता येणार नाही. लोणावळा पुढे आहे, आपण मागे फिरतो. कार्ला फाट्यावर मिळते, तिथे दहा मिनिटं थांबू.