सार्कॉइडोसिस: आजार फुप्फुसांचा, मग मुतखडा कसा?

सार्कॉइडोसिस, म्हणजे अवयवांत दाहामुळे सूक्ष्म गाठी बनण्याचा विकार, हा केवळ फुप्फुसांचा आजार असून मूत्रमार्गाशी व जननेंद्रियांशी त्याचा काही संबंध नाही, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. फुप्फुसे आणि छातीतील लसिकाग्रंथी यांत हा आजार सर्वाधिक आढळतो, हे मात्र खरे.

या आजारात बनणाऱ्या ग्रॅन्युलोमा नावाच्या सूक्ष्म गाठींतील पेशी ड जीवनसत्त्वाचे त्याच्या सक्रिय रूपात स्वतःच रूपांतर करतात आणि एरवी मूत्रपिंडात या क्रियेवर असणारे नियंत्रण त्यांना लागू पडत नाही. परिणामी आतड्यातून कॅल्शियम अधिक शोषले जाते, ते लघवीत उतरते आणि मुतखडे होतात. रक्तातील कॅल्शियम प्रमाणात असतानाही हे घडू शकते. नेहमीच्या तपासणीत ड जीवनसत्त्व कमी दिसले म्हणून अशा रुग्णाने परस्पर गोळ्या सुरू करणे धोक्याचे आहे, कारण त्या तपासणीत सक्रिय रूप मोजलेच जात नाही. क्वचित मूत्रपिंडाच्या ऊतींनाच दाह होऊन रक्तातील क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे दाखवणारा घटक) वाढते.

जननेंद्रियांत हा आजार विरळा. पुरुषांत बहुधा अधिवृषणाला (वृषणामागील शुक्राणू साठवणाऱ्या नलिकेला) सूज येते, वृषणात गाठ असल्यास कर्करोगाची शंका घ्यावीच लागते. स्त्रियांत गर्भाशयाला बाधा होऊ शकते. आपल्याकडे अशा गाठीवर आधी क्षयाचा संशय येतो, आणि तो रास्तच आहे. निदानासाठी बायोप्सी, क्षयजंतूंची तपासणी आणि छातीचे चित्र एकत्र पाहावे लागते, कारण क्षय समजून दिलेली औषधे येथे निरुपयोगी ठरतात, तर क्षय असताना सार्कॉइडोसिस समजून नुसती स्टेरॉइड्स दिल्यास तो बळावतो.