सीडी प्लेअर की स्ट्रीमिंग? निवडीमागची सव्वाशे वर्षं

गेल्या पावसाळ्यात नाशिकला गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या काकांचा सीडी प्लेअर बंद पडला. सीडी आत जायची, दोन-चार सेकंद घरघरायची आणि समोर 'नो डिस्क' अशी अक्षरं उमटायची. शालिमारजवळच्या कारागिराने झाकण उघडलं, कापसाच्या काडीवर थोडं स्पिरिट घेतलं आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढी लेन्स हलक्या हाताने पुसली. एक दिवस चाललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "काका, लेन्स गेली. या मॉडेलची आता येत नाही," तो म्हणाला. घरी चुलत बहिणीचं म्हणणं, "बाबा, नवा कशाला घेताय? फोनवर सगळं मिळतं."

या 'सगळं' शब्दापाशी मी अडलो. गाणं साठवायचं साधन बदललं की थोडं गाणं पुढे येतं आणि थोडं मागे राहतं, हे आपल्याकडे पहिल्यापासून घडत आलंय.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गायिका गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे आलापी आवरती घ्यायची, तान नेमकी टाकायची. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर हे साधलेल्यांत गायक द. वि. पलुसकरांचं नाव आदराने घ्यावं लागतं. त्यांचे वडील विष्णु दिगंबर आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या नाशकातच राहिले, इथे त्यांचा आश्रम होता. द. वि. १९५५ मध्ये गेले, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं देणारी लाँग प्ले तबकडी अमेरिकेत १९४८ लाच आली होती, पण आपल्याकडे ती रुजायच्या आत हा माणूस गेला. म्हणून आज ते जास्त करून तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत आणि काही आकाशवाणी मुद्रणांत ऐकायला मिळतात. मला याची फार हळहळ वाटते.

कॅसेट फिलिप्सने १९६३ मध्ये आणली, आपल्या घराघरांत पोचली ती ऐंशीच्या दशकात. तबकडीला कारखाना लागायचा. कॅसेटची प्रत छोट्याशा खोलीत दोन मशीन जोडून निघायची. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना कधी दारात उभं केलं नव्हतं असे आवाज त्यामुळे बाजारात आले: गोंधळी, भारूडकार, कोळीगीतं गाणारे, आणि भीमगीतांचे गायक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात हिंडले. १४ एप्रिलला नाशकात कोणत्याही चौकात उभं राहा, त्यांचे शब्द कानावर पडतील. भीमगीतांचा हा सारा प्रवाह कॅसेटने वाहता ठेवला. पुढे सीडीचा जमाना आला तेव्हा त्यातलं पुष्कळसं सीडीवर आलंच नाही. छोट्या कंपन्या बंद पडल्या, मूळ फिती दमट खोल्यांत चिकटून गेल्या.

सीडी हे मात्र अफाट बुद्धीचं काम होतं. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून १९८० मध्ये तिचे नियम ठरवले आणि १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये पहिला प्लेअर विक्रीला आला. आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं घ्यायची असं ठरलं. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्या काळी एवढी आकडेवारी साठवायला व्हिडिओ टेपच हाताशी होती आणि तिच्या रेघांच्या हिशेबात हाच आकडा बसत होता. १२ सेंटिमीटरच्या चकतीवर ७४ मिनिटं आणि सूक्ष्म खाचांची पाच किलोमीटरहून लांब सर्पिल रेघ. ती आतून सुरू होऊन कडेकडे जाते, आणि वाचनाचा वेग सारखा राहावा म्हणून चकती सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, शेवटी २००. लहानसा ओरखडा आला तरी हरवलेले आकडे गणिताने परत मिळतील अशी सोय आहे. लेसर-लेन्सचा भाग मात्र कधीतरी निकामी होतो, हे काकांच्या प्लेअरने दाखवलंच.

आपल्यासाठी सीडीचं महत्त्व वेगळंच होतं. लांबलेलं विलंबित (संथ लयीतलं) आणि त्यानंतरचं द्रुत (जलद लयीतलं) बाजू न उलटता ऐकता आलं. आत पुस्तिका यायची. तबल्याला कोण, संवादिनीला कोण, बंदिश कुणाची, हे छापलेलं असायचं. काका अजूनही सीडी लावली की आधी चष्मा लावतात आणि ती पुस्तिका वाचतात.

मग एमपीथ्री आलं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी कानाला जे फारसं जाणवत नाही ते गाळून फाईल दहापट लहान केली, '.एमपीथ्री' हे शेपूट १९९५ मध्ये ठरलं. १९९९ च्या नॅपस्टरने, म्हणजे लोकांनी नेटवरून एकमेकांना फाईली द्यायच्या सेवेने, गाणी फुकट वाटली आणि सीडीचा धंदा खचला. आपल्याकडे याचं रूप म्हणजे फुटपाथवरची एमपीथ्री सीडी, एकीत दीडशे गाणी. नावं चुकलेली, गीतकार-संगीतकार पार गायब. श्रेय गाळायची ही सवय तेव्हा लागली आणि अजून सुटलेली नाही.

स्ट्रीमिंग, म्हणजे नेटवरून थेट गाणं ऐकणं, भारतात २०१६ च्या सप्टेंबरनंतर खऱ्या अर्थाने पसरलं. जिओ येण्याआधी एका जीबीला अडीचशे रुपयांच्या घरात मोजावे लागत. एवढ्यात सीडीच्या दर्जाचं गाणं दीड तासभरच ऐकून व्हायचं. नेट स्वस्त झालं तेव्हा हिशेबच पालटला. स्पॉटिफाय भारतात २०१९ मध्ये आलं. एकही आकडा न गाळता गाणं देणं ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये सुरू केलं, स्पॉटिफायने २०२५ मध्ये काही देशांपासून. म्हणजे सीडीचा आवाज चांगला आणि स्ट्रीमिंगचा हलका, हा जुना वाद आता जवळपास मिटलाय. एक अडचण राहते. ब्लूटूथ स्पीकरवर ऐकलंत तर गाणं वाटेत पुन्हा आवळलं जातं, मग महिन्याला जास्त पैसे भरून उपयोग नाही. वायर किंवा वायफायवर चालणारा स्पीकर हवा.

खरा प्रश्न मालकीचा आहे. स्ट्रीमिंगवर आपण ऐकण्याची परवानगी विकत घेतो. मार्च २०२४ मध्ये कराराची बोलणी फिसकटली आणि झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून उतरली. त्याच वर्षी विंक म्युझिक हे गाण्यांचं ॲप बंद झालं. लोकांनी तिथे वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्यांचं घर गेलं. आणि श्रेयाचं काय? वामनदादांचे शब्द तिथे सापडतातही, पण गायकाच्या नावाखाली. कवीचं नाव शोधावं लागतं, पुष्कळदा नसतंच. हे मला लागतं.

काकांना मी सांगितलं, आधी कपाट तपासू. एका रविवारी दोघं बसलो. दीडशेच्या आसपास सीडी, एकेक फोनवर शोधत गेलो. चित्रपटगीतं जवळजवळ सगळी मिळाली. नाट्यपदं मिळाली, पण कुणी कोणत्या साली गायलंय याचा पत्ता नाही. ख्याल मिळाले; काहींत यादीची सरमिसळ चालू असल्याने विलंबितानंतर भलत्याच रागाचं द्रुत वाजलं. ती सोय बंद केली की हे थांबतं, एवढं बहिणीने काकांना तिथेच शिकवलं. बावीस सीडी कुठेच सापडल्या नाहीत. त्यात भजनी मंडळींच्या होत्या, एका कीर्तनमालेच्या होत्या, आणि घरी रेकॉर्ड केलेल्या तीन. त्या तिन्हींवर आजीचा आवाज आहे. विकतची सीडी नीट ठेवली तर दशकं टिकते, पण घरी लिहिलेलीतला रंगाचा थर उतरत जातो. तिघींपैकी एक अधूनमधून अडखळायला लागलीच होती.

त्या तीन आम्ही त्याच संध्याकाळी संगणकाला बाहेरून ड्राइव्ह जोडून फ्लॅक, म्हणजे एकही आकडा न गाळणाऱ्या, फाईलमध्ये उतरवल्या, दोन ठिकाणी प्रती ठेवल्या. काकांनी नवा साधा प्लेअर घेतला आणि बहिणीने घरासाठी स्ट्रीमिंगची वर्गणीही भरली. उरलेल्या एकोणीस उतरवायचं काम अजून चालू आहे. पुस्तिकांची पानं मी फोनने टिपून त्याच फोल्डरमध्ये टाकतोय, तबलजीच्या नावासकट.