बोटवास्तव्य, बेटांच्या पाण्यातलं

स्वतःच्या बोटीवरच संसार मांडून बेटाबेटांमधून महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं फिरत राहायची पद्धत. बोट बहुतेक शिडाची, साधारण ३० ते ५० फुटी, मदतीला डिझेल इंजिन. अलीकडे दोन हलांचे (म्हणजे पाण्यातल्या दोन सांगाड्यांचे) कॅटामरानही खूप दिसतात कारण ते कमी डुलतात आणि आत जागा जास्त मिळते. एकाच मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या खासगी धक्क्यात, वर्षभर बांधलेल्या बोटीत राहणं किंवा कालव्यांवरच्या घरबोटी यांचा विचार इथे केलेला नाही. कॅरिबियन, बहामा, ग्रीक बेटं आणि दक्षिण पॅसिफिक हे या जगण्याचे मुख्य प्रदेश. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला हे सगळं मोकाट वाटतं, पण आत शिरलं की कळतं की कुठे जायचं ते वारा ठरवतो आणि तिथे राहता येईल का ते नांगर ठरवतो, म्हणून या नोंदीतली जास्त जागा त्या दोघांनाच दिलीय.

उगम

सुरुवात नेमकी कुठून धरायची यावर एकमत नाही, आणि वाद खरं तर व्याख्येचाच आहे. सगळ्यात जास्त घेतलं जाणारं नाव जोशुआ स्लोकमचं. २४ एप्रिल १८९५ ला तो बॉस्टनहून 'स्प्रे' या जेमतेम ३७ फुटी बोटीतून निघाला आणि २७ जून १८९८ ला ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला परत लागला, एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून त्याची नोंद आहे. पण ही सफर एकट्याची होती, कुटुंबाची नव्हती. संसाराचा मुद्दा धरला तर त्याचीच आधीची 'लिबर्डाडे' ही बोट जास्त जवळची वाटते. ब्राझीलच्या किनाऱ्यावर जहाज गमावल्यावर त्यानं ती स्वतः बांधली, १३ मे १८८८ ला म्हणजे ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली त्याच दिवशी पाण्यात उतरवली आणि बायको-मुलांना घेऊन अमेरिका गाठली. तरी तो प्रवास गरजेपोटीचा होता, हौसेनं पत्करलेलं जगणं म्हणता येणार नाही.

दुसरा पक्ष ब्रिटिश परंपरेकडे बोट दाखवतो. रॉयल क्रूझिंग क्लब १८८० मधला, त्याच्याही आधी ब्रासी कुटुंब १८७६-७७ मध्ये 'सनबीम' मधून मुलाबाळांसकट जगभर फिरून आलं होतं. पण 'सनबीम' वर नोकर-खलाशांचा मोठा ताफा होता, आणि क्लबवाली मंडळी उन्हाळा संपला की आपापल्या घरी परतायची. आजच्या अर्थानं, म्हणजे मालक हाच खलाशी, मेकॅनिक आणि स्वयंपाकी, आणि किनाऱ्यावर परत जायला घर असेलच असं नाही, ही रीत दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हळूहळू दिसायला लागते आणि १९५० च्या दशकात पक्की होते असं मानणं जास्त सयुक्तिक वाटतं. १९५२ हे वर्ष त्यासाठी सोयीचं आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात बोटीवर राहणाऱ्या काही जोडप्यांनी सेव्हन सीज क्रूझिंग असोसिएशन काढली आणि त्याच वर्षी एरिक आणि सुझन हिस्कॉक 'वाँडरर ३' या ३० फुटी लाकडी बोटीतून इंग्लंडहून निघाले, १९५५ ला प्रदक्षिणा पुरी करून आले. पुढे फायबरग्लासच्या बोटी साच्यातून निघायला लागल्यावर, साधारण १९६० नंतर, हे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं.

हे सगळं झालं यॉटवाल्यांचं. बेटांच्या पाण्यात बोटीवर जन्मून बोटीवर म्हातारं होणारे समाज त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत आणि त्यांना वगळून उगम सांगणं आम्हाला पटत नाही. मॅजेलनच्या ताफ्यातल्या पिगाफेट्टानं १५२१ मध्ये दक्षिण फिलिपिन्सजवळ बोटीतच घर करून राहणारे लोक नोंदवलेत, ते सामा-बजाऊ या तिथल्या समुद्रभटक्या लोकांचे पूर्वज असावेत असं बहुतेक अभ्यासक धरतात. बजाऊ मूळचे कुठले यावर मात्र तिहेरी मतभेद आहे. त्यांच्या स्वतःच्या कथा मलेशियातल्या जोहोरच्या हरवलेल्या राजकन्येपाशी जातात. भाषाशास्त्रज्ञ केम्प पॅलेसन यांनी १९८५ मध्ये भाषेच्या पुराव्यावरून मूळ जागा दक्षिण फिलिपिन्समधल्या झांबोआंगाच्या आसपास आणि काळ इसवी सन ८०० च्या सुमाराचा धरला. नंतर भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांनी या भाषांचं नातं बोर्निओच्या आग्नेयेकडच्या बारिटो भाषांशी जोडलं आणि सुमात्रातल्या श्रीविजय या जुन्या सागरी राज्याच्या व्यापारानं हे लोक पांगले असावेत असं सुचवलं. जोहोरची कथा राजघराण्याशी नातं सांगायला रचलेली दिसते, आणि शब्दसाम्य बघता ब्लस्ट यांचं मत जास्त ठाम पायावर आहे, अर्थात काळ शतकाच्या हिशोबातच सांगता येतो. म्यानमार-थायलंडच्या मर्गुई बेटांमधले मोकेन लोक कोरड्या मोसमात कबांग नावाच्या बोटींवर राहायचे आणि नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की किनाऱ्यावर झोपड्या टाकायचे. आजच्या यॉटवाल्यांचं वर्षही अगदी याच तर्कानं चालतं.

मोसम

उत्तर अटलांटिकमध्ये हरिकेनचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, दक्षिण पॅसिफिकमध्ये चक्रीवादळांचा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. बाकी सगळं या दोन ओळींतून निघतं. युरोपातून कॅरिबियनला जाणारे उन्हाळ्याअखेर कॅनरी बेटांवर जमतात, नोव्हेंबरच्या शेवटी व्यापारी वारे (पूर्वेकडून सतत वाहणारे) बसले की सुटतात, आणि सुमारे २,७०० सागरी मैल दोन-तीन आठवड्यांत कापून सेंट लुसिया किंवा बार्बाडोसला लागतात. जिमी कॉर्नेल यांनी १९८६ ला सुरू केलेली एआरसी (अटलांटिक रॅली फॉर क्रूझर्स) ही सामूहिक सफर याच वेळापत्रकावर चालते. मग डिसेंबर ते मे बेटांमध्ये, आणि जून आला की दक्षिणेला ग्रेनाडा-त्रिनिदादकडे नाहीतर उत्तरेला अमेरिकेच्या किनाऱ्याकडे. पॅसिफिकमधला नेहमीचा रस्ता पनामा, मार्केसास, तुआमोतू, ताहिती, टोंगा, फिजी असा पश्चिमेला जातो आणि नोव्हेंबरच्या आत न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियात संपतो.

दक्षिणेला गेलं की सुटलो हा समज मात्र घातक ठरलाय. विमा कंपन्या पॉलिसीत अक्षांशाची रेषा घालतात, त्या मोसमात बोट त्या रेषेच्या दक्षिणेला हवी, आणि ग्रेनाडा १२ अंशांवर असल्यानं बरीच वर्षं सुरक्षित धरलं जायचं. ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन हे हरिकेन तिथूनच गेलं. १ जुलै २०२४ ला बेरिल हे हरिकेन ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावर आदळलं आणि तिथल्या खारफुटीत, जी पिढ्यान् पिढ्या वादळातला आसरा समजली जायची, दोर बांधून ठेवलेल्या बोटी एकमेकींवर चढल्या. ज्यांनी बोट हीच आयुष्याची सगळी पुंजी केलेली असते त्यांच्यासाठी हे घर आणि गाव एका दुपारी जाण्यासारखं आहे, त्यामुळे अशा बातम्यांकडे निव्वळ हवामानाच्या बातम्या म्हणून बघू नये.

नांगर

मरीना महाग आणि बेटांमध्ये कमी, त्यामुळे बहुतेक रात्री नांगरावरच जातात. जुन्या काळचा दोन फाळांचा नांगर वजनावर अवलंबून असायचा. कमी वजनात जास्त पकड देणारा पहिला महत्त्वाचा नमुना सीक्यूआर, नांगरटीच्या फाळासारखा, १९३३ चा, तो केंब्रिजच्या जेफ्री इंग्राम टेलर या भौतिकशास्त्रज्ञानं काढला. द्रवगतिकीत ज्याचं नाव आजही रोज घेतलं जातं तोच हा माणूस, स्वतः शिडाच्या बोटीचा शौकीन, आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना हलका नांगर हवा होता हे एक निमित्त. त्यानंतर डॅनफर्थ, सत्तरच्या दशकात तेलविहिरींच्या कामातून आलेला ब्रूस, मग जर्मनीतला कमानीचा ब्यूगेल, फ्रान्समधला स्पेड आणि २००० नंतर न्यूझीलंडचा रोक्ना. नवी पिढी पडताक्षणी टोक खाली करून रुतते, सीक्यूआर कडक वाळूत बराच वेळ आडवा घसरतो, हे आता जवळपास सगळेच मान्य करतात.

साखळी किती सोडायची हा रोजचा हिशोब. तळापासून पाण्यापर्यंतची खोली पुरत नाही, बोटीच्या नाकाची उंची आणि पुढे येणारी भरतीही धरावी लागते. समजा खोली ४ मीटर, नाक पाण्यापासून १.२ मीटर वर आणि भरती अजून ०.६ मीटर चढणार, तर बेरीज ५.८. त्याच्या पाचपट म्हणजे २९ मीटर ही शांत हवेतली सोय, आणि रात्री वारा वाढणार असेल तर सातपट, म्हणजे साधारण ४० मीटर. १० मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे नव्वदेक किलो लोखंड तळाशी. इथे एक जुना वाद आहे. एक गट म्हणतो पकड येते ती साखळीच्या वजनानं पडणाऱ्या झोळामुळे, दुसरा म्हणतो की झोळ मंद वाऱ्यातच असतो, जोरात वारा आला की साखळी ताणून जवळपास सरळ होते आणि मग लांबीमुळे मिळणारा कोन आणि नांगराचा फाळ एवढंच कामाला येतं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, १५ नॉटचे (ताशी सागरी मैलांचे) ३० झाले की ओढ चौपट, हे लक्षात घेतलं तर दुसरं मत बरोबर दिसतं, आणि जाड साखळीवर घातलेले पैसे एक माप मोठ्या नांगरावर घालणं शहाणपणाचं. साखळी सरळ झाल्यावरचे झटके मग नायलॉनच्या दोरानं, स्नबरनं, घ्यायचे.

नांगर टाकला, इंजिन रिव्हर्सला घेऊन हळूहळू ताण दिला, दोन खुणा एका रेषेत धरून बोट सरकतेय का ते बघितलं, आणि मग मास्क लावून पाण्यात उतरून फाळ प्रत्यक्ष वाळूत गाडला गेलाय का, की दगडाच्या कपारीत नुसता टेकलाय, हे डोळ्यांनी पाहिलं, एवढं झाल्याशिवाय अनुभवी माणूस जेवायला बसत नाही. त्यानंतर जीपीएसचा अलार्म. समुद्रगवतावर नांगर फसवतो, वरून रुतल्यासारखा वाटतो आणि पहाटेच्या सरीत गवताचा गड्डाच घेऊन सुटतो. शिवाय त्यानं तळाचं नुकसानही होतं. स्पेनच्या बॅलेरिक बेटांनी २०१८ च्या हुकमानं पोसिडोनिया गवतावर नांगर टाकायला बंदी केली, आणि बहामातल्या एक्झुमा उद्यानासारख्या ठिकाणी (स्थापना १९५८) मूरिंग, म्हणजे तळाशी पक्के केलेले बोट बांधायचे दोर, बसवलेत, ते असताना नांगर टाकू नये हे नियमापेक्षाही साध्या माणुसकीचं आहे.

रोजचं

पाणी, वीज आणि दुरुस्ती, दिवस यातच जातो. वॉटरमेकर समुद्राचं पाणी पडद्यातून ५५-६० बारच्या दाबानं ढकलून गोडं करतो. तो नसेल तर टाकी, जेरीकॅन आणि ताडपत्रीवरून धरलेला पाऊस. सोलर पॅनेल आणि लिथियम बॅटऱ्यांनी जनरेटरची घरघर बरीच कमी केलीय. बाकीचा धातू झिजू नये म्हणून लावलेले झिंकचे ठोकळे बदलणं, हलचा तळ खरवडणं, डोलकाठीच्या तारांचे सुटलेले धागे तपासणं ही कामं संपत नाहीत. संध्याकाळी डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) उचलून कुलूप लावायची, विसरलं तर सकाळी असेलच याची खात्री नाही.

मोठ्या तळांवर, उदाहरणार्थ बहामातल्या जॉर्जटाउनला, सकाळी व्हीएचएफ या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर नेट, म्हणजे सगळ्या बोटींची सभा, भरतं. आधी कुणाला तातडीची मदत हवीय का, मग हवामान, मग कोण आलं, कोण चाललं, मग पंपाचा इंपेलर कुणाकडे जादा आहे का. चॅनल १६ फक्त संकटाच्या संदेशांसाठी आणि हाक मारायला, बोलायला दुसरीकडे जायचं. नवख्याला या अर्ध्या तासात जेवढं कळतं तेवढं कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडत नाही.

प्रवाळाभोवतीच्या मोठ्या माशांमधून, खासकरून बॅराकुडातून, सिग्वाटेरा ही विषबाधा होते. विष सूक्ष्म शैवालातून येतं, त्याला चव-वास नाही आणि शिजवून ते जात नाही, म्हणून त्या बेटावरच्या कोळ्याला विचारल्याशिवाय मासा खाऊ नये.

कागद आणि यजमान

नव्या देशात शिरताना पिवळा क्यू झेंडा चढवायचा, कप्तानानं एकट्यानं पासपोर्ट, बोटीची नोंदणी आणि आधीच्या बंदराचा निघण्याचा दाखला घेऊन इमिग्रेशन आणि कस्टम्सला जायचं, परवानगी मिळाली की पिवळा उतरवून यजमान देशाचा झेंडा उजवीकडे लावायचा. माणसाचा व्हिसा आणि बोटीची तात्पुरती आयात ही दोन वेगळी घड्याळं असतात, युरोपात तर शेंगेन या सामायिक व्हिसाच्या देशांचे १८० पैकी ९० दिवस बऱ्याच जणांचा मार्गच ठरवतात.

फिजीच्या बाहेरच्या बेटांवर सरकारी शिक्का पुरत नाही. गावासमोरचं पाणी आणि तिथली मासेमारी परंपरेनं गावाची, त्यामुळे यंगोनाच्या (कावा या पेयाच्या) मुळ्यांची जुडी घेऊन गावप्रमुखासमोर बसून सेवुसेवू, म्हणजे ती भेट देऊन परवानगी मागायचा विधी, केल्यावरच पोहायचं, मासे धरायचं. तो स्वीकारला की पाहुण्याची जबाबदारी गाव घेतं. बोटवाल्यांच्या लिखाणात ही गोष्ट बऱ्याचदा एखाद्या गमतीशीर विधीसारखी येते, प्रत्यक्षात ती मालकी हक्काची मान्यता आहे.

अलीकडे

मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि जागा शंभरेक मीटरऐवजी दहा-वीस मीटरच्या आत कळायला लागली, पण पॅसिफिकचे काही नकाशे एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीवर होते, बोट बरोबर आणि बेट चुकीच्या जागी असा प्रकार व्हायचा. म्हणून प्रवाळात शिरताना सूर्य पाठीशी आणि डोक्यावर असताना, एक माणूस नाकावर उभा करून, पाण्याचा रंग वाचत जायची रीत आजही टिकून आहे. २०२२ पासून स्टारलिंक हे उपग्रहावरचं इंटरनेट बोटींवर आलं. नोकरी चालू ठेवून फिरणारी तरुण जोडपी त्यामुळे वाढली, वादळाचा अंदाज भर समुद्रात मिळतो, आणि एसएसबी या लांब पल्ल्याच्या रेडिओवरची सकाळची नेट मात्र एकेक करून ओस पडतायत.