आधुनिक छोट्या तुकड्यांसाठी वॉरगेमचे नियम

टेबलवर छोट्या फिगर आणि फासे घेऊन खेळायच्या युद्धखेळाचे जुने नियम आजच्या 8-10 जणांच्या तुकडीला लागू पडावेत म्हणून त्यांच्यात जे फेरफार करतात त्याबद्दल ही नोंद. मूळ खेळ प्रशियाचा, तिथल्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने 1824 मध्ये सैन्यासाठी नियम छापले, 1:8000 चा नकाशा आणि एक चाल म्हणजे 2 मिनिटं, पण त्यात एक ठोकळा म्हणजे माणसांची अख्खी मोठी तुकडी. इथे एक फिगर म्हणजे एकच माणूस.

नवीन लोक आधी बंदुकांचे तक्ते (कोणती किती लांब मारते ते) बदलायला बसतात, आणि तिथेच गंडतात. हिशोब करून बघा, 1:72 च्या (खऱ्या माणसाच्या 72 पट लहान) फिगरसाठी 6 फुटी टेबल म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम 130 मीटर, आणि आजची रायफल 300 मीटरवर सहज मारते, म्हणजे सगळं टेबलच माऱ्यात, मग पल्ला मोजून करायचंय काय? आडोसा कुठे आहे आणि समोरचा डोकं वर काढू शकतो का, एवढंच उरतं. म्हणून गोळीबाराने माणूस मरण्यापेक्षा तो दबून राहण्याला जास्त महत्त्व द्यावं लागतं. अमेरिकन आर्मीच्या स्क्वॉडमध्ये 9 जण असतात, लीडर आणि चार-चारच्या दोन फायरटीम, एक टीम दाबून ठेवते तेवढ्यात दुसरी पुढे सरकते, हे टेबलवर जमलं नाही तर बाकी नियम कितीही बारीक असू देत, उपयोग शून्य.

दुसरी अडचण आळीपाळीची. बुद्धिबळासारखं तू एक मी एक केलं की समोरचा रस्ता ओलांडत असताना आपले लोक आरामात बघत बसतात! 2011 च्या ‘फोर्स ऑन फोर्स’ या नियमपुस्तकामध्ये यावर चांगला तोडगा आहे, ज्याच्याकडे पुढाकार नाही तोही मध्येच प्रतिक्रिया देऊ शकतो आणि आधी कोणाची गोळी सुटली ते फासे ठरवतात. त्यात फासा बंदुकीवर नाही तर माणसाच्या तयारीवर ठरतो, कच्च्यांना 6 बाजूंचा, एकदम मुरलेल्यांना 12 बाजूंचा, आणि दोघांनाही 4 किंवा जास्त आलं की यश.

जिंकण्याच्या अटीही बदलाव्या लागतात. मोगादिशू 1993 (सोमालियाच्या राजधानीत अमेरिकन सैनिक आणि तिथल्या सशस्त्र टोळ्या, म्हणजे मिलिशिया, यांच्यातली लढाई) टेबलवर लावलं आणि नुसती मेलेली माणसं मोजली तर अमेरिकन बाजू दर वेळी जिंकेल, म्हणून तिला जखमींना उचलून बाहेर काढण्याचे गुण द्यायचे आणि मिलिशियाला त्यांना अडकवून ठेवण्याचे.