पार्श्वभूमी : ‘सँडाउन’ची ‘अ‍ॅडमिरल काउअन’ कशी झाली

‘सुरुंगशोधक’ आणि ‘माइनस्वीपर’ हे शब्द आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. 2017 मध्ये मुंबईत निवृत्त झालेल्या भारतीय नौदलाच्या ‘कारवार’ आणि ‘काकिनाडा’ या स्वीपर, म्हणजे सुरुंग झाडणाऱ्या नौका, होत्या. स्वीपर पाणसुरुंग शोधत बसत नाही. मागे कापणीची तार ओढत तो पट्ट्यापट्ट्याने जातो. सुरुंगाला तळाशी बांधून ठेवणारा नांगरदोर तुटला की सुरुंग वर तरंगतो आणि गोळ्या घालून संपवला जातो. चुंबकीय सुरुंगासाठी मोठ्या जहाजाचा भास निर्माण करणारी साधने ओढतात. पण सुरुंगात मोजणी लावलेली असेल, तर तो ठरलेल्या संख्येइतकी जहाजे सोडून पुढच्याखाली फुटतो. म्हणून एकदा झाडलेली वाट सुरक्षित मानता येत नाही.

1989 मध्ये ब्रिटिश नौदलात आलेली 52.5 मीटरची ‘सँडाउन’ निव्वळ शोधक होती, तिच्यावर झाडण्याची साधनेच नव्हती. सांगाडा काचतंतूच्या प्लास्टिकचा, कारण पोलादाच्या चुंबकत्वाने सुरुंग जागा होतो. शोधताना डिझेल इंजिने बाजूला ठेवून विजेच्या मोटारींवर सावकाश चालायचे. जहाजाच्या पोटातल्या विहिरीतून सोनार (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणारे यंत्र) खाली सोडतात. बाल्टिक समुद्रात क्षारता आणि तापमानाचे थर आवाज वाकवतात, तेव्हा त्या थराखाली उतरावेच लागते. संशयित वस्तू दिसली की जहाज जागच्या जागी स्थिर ठेवून कॅमेऱ्याचे पाणयान किंवा पाण्यात बुडी मारणारा माणूस पाठवायचा, ओळख पटली की शेजारी स्फोटक ठेवून उडवायचे. मऊ चिखलात रुतलेला सुरुंग मात्र सोनारलाही चकवतो.

ब्रिटनच्या 2004 च्या संरक्षण आढाव्यात ‘सँडाउन’च्या वर्गातल्या तीन नौका काढण्याचे ठरले. खर्च वाचला, पण निर्णय घाईचाच होता: ‘ब्रिडपोर्ट’ तर 1993 ची, आणि प्लास्टिकचे कवच गंजत नाही. बाल्टिककाठच्या एस्टोनियाने 2006 मध्ये तिन्ही नौकांच्या खरेदीचा करार केला. स्कॉटलंडमधल्या रोसाइथच्या गोदीत दुरुस्ती होऊन 2007 ते 2009 दरम्यान ‘सँडाउन’ची ‘अ‍ॅडमिरल काउअन’, ‘इन्व्हर्नेस’ची ‘सकाला’ आणि ‘ब्रिडपोर्ट’ची ‘उगांडी’ झाली.

काउअन हा 1919 मधल्या बाल्टिकमधल्या ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख. त्याच वर्षी जुलैत सुरुंग साफ करताना ‘मर्टल’ आणि ‘जेन्शन’ या ब्रिटिश नौका बुडाल्या. त्यांचे अवशेष 2010 मध्ये एस्टोनियाच्या नौदलाला सारेमा बेटाजवळ सापडले.